गंभीर एओर्टिक स्टेनोसिस (हृदयाचा एओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद होणं) आणि खुब्याचं फ्रॅक्चर: स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखाली भूल) की पूर्ण भूल?

प्रश्न:
७८ वर्षांच्या आजी, वजन ५० किलो, उद्या हेमिआर्थ्रोप्लास्टी (खुब्याच्या सांध्याचा अर्धा भाग कृत्रिम बसवणं). इकोमध्ये व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ०.७ चौ. सेंमी, मीन ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) ५२ मिमी एचजी, ईएफ (दर ठोक्याला हृदय बाहेर टाकतं तो रक्ताचा वाटा) ५५ टक्के, सायनस ऱ्हिदम (हृदयाची नेहमीची लय). रक्त पातळ करणारं औषध चालू नाही. ऑर्थोचे सर स्पायनलच द्या म्हणतात. देऊ का?

उत्तर १:
नेहमीचा ३ मिलि हेवी बुपिव्हाकेनचा (बधिर करणारं औषध) स्पायनल कृपया देऊ नका. रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, आणि अरुंद व्हॉल्व्हमुळे हृदयाला जास्त रक्त बाहेर टाकून त्याची भरपाई करता येत नाही. जाड झालेल्या एलव्हीला (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला) कोरोनरीतून रक्त मिळतं ते डायस्टोलिक प्रेशरवर, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या विसाव्यातल्या (डायस्टोल) दाबावर. ते घसरलं की इस्केमिया (हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडणं), मग पंपिंग मंद, मग बीपी आणखी खाली. अरेस्ट झालाच, तर सीपीआरनेही त्या व्हॉल्व्हमधून पुरेसं रक्त जात नाही.

मी पूर्ण भूल निवडेन. आर्टेरियल लाइन (सतत बीपी दाखवणारी धमनीतली नळी) इंडक्शनच्या, म्हणजे भूल सुरू करण्याच्या, आधी, डिफिब्रिलेटरचे पॅड चिकटवलेले, नॉरएड्रिनॅलिन (बीपी टिकवणारं औषध) कमी वेगाने आधीच सुरू. वेदनाशामक फेंटानिल ५० मायक्रोग्रॅम, नंतर झोपवणारं एटोमिडेट १० मिग्रॅ सावकाश. बीपी वाढवणाऱ्या फेनिलएफ्रिनची सिरिंज भरून हाताशी ठेवा. ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे बोलस. केटामीन नको, ठोके वाढले की डायस्टोल आखूड होतो. ६० ते ८० ठोके चांगले.

प्रश्नकर्ता:
एटोमिडेट मिळालं नाही तर?

उत्तर २:
प्रोपोफोल चालेल, पण एका वेळी १० ते २० मिग्रॅ, नॉरएड्रिनॅलिन चालू असताना. या वयात औषध मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. ‘अजून झोपल्या नाहीत’ म्हणून घाईने पुढचा डोस दिला की दोन्ही डोस एकदम लागू होतात आणि बीपी कोसळतं. औषध कोणतं यापेक्षा ते किती वेगाने दिलं यावर जास्त अवलंबून आहे.

हलवण्याआधी फॅशिया इलियाका ब्लॉक (जांघेजवळ इंजेक्शन देऊन खुब्याच्या नसा बधिर करणं) द्या, ०.२५ टक्के रोपिव्हाकेन ३० मिलि. ओपिऑइड (फेंटानिलसारखं वेदनाशामक) कमी लागतं, वेदनेने ठोकेही वाढत नाहीत.

उत्तर ३:
फुप्फुसंही खराब असतील तर कंटिन्युअस स्पायनलचा विचार करा: पाठीत ठेवलेल्या बारीक नळीतून (कॅथेटर) ०.५ टक्के बुपिव्हाकेन अर्धा मिलि, पाच-दहा मिनिटं थांबून पुढचा. कॅथेटरवर ‘स्पायनल’ असं ठळक लिहा. एपिड्युरल (मणक्याच्या आवरणाबाहेरची, जास्त डोस लागणारी भूल) समजून कुणी पूर्ण डोस दिला तर जिवावर बेतेल.

एएफ (एट्रियमची अनियमित लय) सुरू होऊन बीपी पडलं तर औषधांत वेळ न घालवता सिंक्रोनाइज्ड शॉक (ठोक्याशी जुळवून दिलेला विजेचा झटका) द्या. या एलव्हीला भरण्यासाठी एट्रियमचा (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा) धक्का लागतोच.

आणि कृत्रिम सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटचं आजच सर्जनशी बोला, त्यानेही बीपी पडू शकतं. वापरणारच असतील तर कॅनाल (मांडीच्या हाडातली पोकळी) नीट धुऊन कोरडा करावा, जोरात दाबून भरू नये, आणि सिमेंट घालण्याआधी तुम्हाला मोठ्याने सांगावं.