बोटीसाठी थांबणारी गाडी हवी की नको?

रावपुरेकर: गेल्या महिन्यात सुरतेच्या काकूंना घेऊन खंभातच्या आखातापलीकडे, भावनगरजवळच्या घोघ्याला बोटीने निघालो होतो. सुरत स्टेशनपासून हजीऱ्याचा बोटीचा धक्का बराच लांब, हातात दोन बॅगा आणि काकूंचे गुडघे दुखणारे. पोचलो तेव्हा बोटीचा रॅम्प वर उचलला जात होता. काकू बॅगेवरच बसल्या. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल थेट मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पियरच्या स्टेशनातून सुटायची. विलायतेच्या बोटीतून उतरलेला माणूस तिथेच गाडीत चढायचा आणि आपल्या बडोद्यावरून पेशावरला जायचा. मग आज धक्क्यापर्यंत गाडी का नको?

मांजलपूरवाला: तेव्हा बोटीतून सरकारी टपाल यायचं, म्हणून गाडी थांबायची. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, गाळही तसाच. भरूचजवळच्या दहेज बंदरातून घोघ्याला जाणारी फेरीबोट २०१७ साली वाजतगाजत सुरू झाली आणि गाळापायी बंद पडली. त्या भरवशावर रूळ टाकले असते तर? रस्ते सुधारा, बस पुष्कळ झाली.

आजवा_रोड: दहेजला ब्रॉडगेज रूळ आहेतच की, मालगाड्या जातात. प्रश्न मनात आणण्याचा आहे. मद्रासची बोट मेल बघा. १९१४ साली रामेश्वरला जोडणारा पांबनचा पूल झाला, गाडी पार टोकाच्या धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. तिथून बोटीने श्रीलंकेतलं तलाईमन्नार, पुढे पुन्हा गाडीने कोलंबो. सगळा प्रवास एका तिकिटावर!

मांजलपूरवाला: आणि डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडी रुळांसकट गेली, उतारूंनी भरलेली गाडीही गेली. ते रूळ पुन्हा घातले नाहीत. हे विसरून चालणार नाही.

सयाजीगंजची_लेक: ओखा बंदर बडोदे संस्थानानेच उभारलं, हे इथे कुणी लिहिलं नाही. सौराष्ट्र मेलने सासूबाईंना घेऊन ओख्याला उतरायचं, जेट्टीवर जायचं, लाकडी होडीत बसून बेट द्वारका. होडी भरली की सुटायची, वेळापत्रक वगैरे काही नाही, पण त्यामुळे कधी चुकली नाही. २०२४ साली सुदर्शन सेतू झाला, आता चाकांवर बसून जातात. म्हाताऱ्या माणसांना पूलच बरा, मला शंका नाही. पण घोघ्याला पूल कुठे आहे?

रावपुरेकर: तेच तर म्हणतोय. पूल होईपर्यंत लोकांनी काय करायचं? रुळांचं बाजूला ठेवा, निदान सुरत स्टेशनातून बोटीच्या वेळेला जोडलेली बस द्या. तिकीट एकच, आणि बस उशिरा आली तर बोट दहा मिनिटं थांबेल, हे त्यावर छापलेलं.

मांजलपूरवाला: बसला माझी हरकत नाही. पण भरती उतरत असली तर बोट दहा मिनिटंही थांबणार नाही. तेव्हा पैसे परत कोण देणार, बसवाला की बोटवाला, ते आधी ठरवा.