शब्दचर्चा : मिश्र माध्यम, मांडणशिल्प, नीती की नैतिकता?

मूळ प्रश्न

एका कलाप्रदर्शनाच्या मराठी परिचयपत्रकाचं काम माझ्याकडे आलं आहे. इंग्रजी मजकुरावरून आधी कुणीतरी असं वाक्य केलं होतं : 'नैतिकता आणि सामाजिक अन्याय यांचा शोध घेणारी मिश्र माध्यम कला.' व्याकरण ठीक आहे, पण वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. 'मिश्र माध्यम', 'संमिश्र माध्यम' आणि 'बहुमाध्यम' यांत फरक काय? 'नैतिकता' इथे चालेल का? नुसते प्रतिशब्द नकोत, उदाहरणांसह सांगा.

प्रतिसाद

'बहुमाध्यम' आधी बाजूला ठेवा. तो शब्द आवाज, चलच्चित्र, पडदा आणि मजकूर एकत्र येतात तिथला आहे. कॅनव्हासवर तैलरंगासोबत वर्तमानपत्राचा कपटा, सुतळी किंवा पत्रा असेल तर ते मिश्र माध्यम, बहुमाध्यम नव्हे.

'मिश्र' आणि 'संमिश्र' दोन्ही चालतात. कलादालनात चित्राखालच्या पाटीवर 'मिश्र माध्यम' जास्त दिसतं. कानाला मात्र दोन्ही सारखे लागत नाहीत. 'संमिश्र प्रतिसाद' म्हटलं की काहींना आवडलं, काहींना नाही, आणि दोन्ही मतं वेगवेगळी दिसतात. 'मिश्रण' म्हटलं की सगळं एकजीव झाल्यासारखं वाटतं. शाळेतलं विज्ञान मात्र उलट सांगतं : मिश्रणात घटकांचे गुणधर्म टिकतात, संयुगात ते बदलतात. त्या अर्थाने 'मिश्र' हाच शब्द नेमका आहे, कारण या कलेत सुतळी सुतळीच राहते. पिकासोने १९१२ साली वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रावर चिकटवलं आणि कडेने दोर लावला. ते कापड आणि तो दोर आजही ओळखू येतात.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. जिथे कलेचा विषय अन्याय आहे, तिथे 'मिश्र माध्यम' हा शब्द झाकणासारखा बसतो. तुम्ही उदाहरणं मागितलीत म्हणून दोन मडकी घेते.

पेशवाईत अस्पृश्यांना गळ्यात मडकं आणि कमरेला खराटा बांधून रस्त्यावर यावं लागे, ही आठवण महाराष्ट्राला नवी नाही. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांच्या चित्रांत आणि मुद्राचित्रांत (ठशावरून छापलेल्या चित्रांत) हे मडकं आणि हा खराटा येतात. तिथे मडकं रेखाटलेलं आहे. माध्यम विचाराल तर रंग किंवा शाई.

दुसरं मडकं रुम्माना हुसेन यांचं. त्या मुंबईत राहत. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली, मग मुंबईत दंगली झाल्या, आणि त्यानंतर त्यांनी आधीची चित्रं मागे टाकून फुटकी मातीची मडकी, गेरू आणि आरसे हाताशी घेतले. तिथे मडकं खरं आहे. ते फुटलेलं आहे आणि समोर जमिनीवर आहे. त्याखाली 'मिश्र माध्यम' एवढंच लिहिलं तर सांगायची गोष्टच गाळल्यासारखं होतं. 'फुटकी मडकी, गेरू, आरसा' असं लिहिलं की पाटी वाचतानाच निम्मं काम कळतं.

शीला गौडा यांचंही तेच. कर्नाटकातल्या या कलावतीने नव्वदच्या दशकात शेण वापरायला सुरुवात केली. शेण म्हणजे सारवण, गोवरी आणि बायकांचे कष्ट. शेण म्हणजे गाईच्या नावाने होणारं राजकारणही. पुढे त्यांनी सुयांतून ओवलेले लांबच लांब दोरे कुंकवात माखून त्यांचे दोर केले. कुंकू, सुई आणि दोरा हे तीन शब्द मराठी वाचकाला जे सांगतात, ते 'मिश्र माध्यम' या दोन शब्दांत मावत नाही. सामान हाच जिथे पुरावा आहे, तिथे सामानाचं नाव लिहावं. 'मिश्र माध्यम' हा वर्ग म्हणून ठेवा, पाटीवर मात्र जिनसा लिहा.

दुसरा प्रतिसाद

सहमत. यात 'मांडणशिल्प' हा शब्दही घ्या. वस्तू, प्रकाश, जागा यांची मिळून केलेली रचना, जिच्यात आपण चालत शिरतो, तिला मराठीत हा शब्द चांगला रुळला आहे. विवान सुंदरम यांचं १९९३ चं 'मेमोरियल' घ्या. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका मृत माणसाचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र त्यांनी घेतलं, त्यावर खिळे ठोकले, पत्र्याच्या ट्रंकांची कमान उभारली. एका अनोळखी माणसाचं हे स्मारक. याला नुसतं 'मिश्र माध्यम' म्हणून भागणार नाही, कारण त्यातून चालत जाणं हाही त्याचा भाग आहे.

शिवाय 'मांडणे' हे क्रियापद किती कामाचं आहे पाहा. पूजा मांडतात, संसार मांडतात, दुकान मांडतात. आणि बाजू मांडतात, गाऱ्हाणं मांडतात. वस्तू रचणं आणि तक्रार पुढे ठेवणं, दोन्हीला मराठीत एकच क्रियापद. म्हणून तुमच्या वाक्यातलं 'शोध घेणारी' काढा. हरवलेल्या माणसाचा शोध घेतात, पाण्याचा घेतात. गळ्यातल्या मडक्याचा अन्याय शोधावा लागत नाही, तो मांडावा लागतो. 'भाष्य करणारी' हेही परीक्षणांत वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे.

पहिल्या प्रतिसादकर्तीचं पुढचं उत्तर

'मांडणारी' पटलं. आता 'नैतिकता'.

रोजच्या मराठीत 'नैतिक-अनैतिक' ही जोडी फार आक्रसली आहे. 'अनैतिक संबंध' ही बातमीतली ठरलेली शब्दजोडी. १९५६ च्या कायद्याला मराठीत 'अनैतिक व्यापार प्रतिबंधक' म्हणतात, तोही वेश्याव्यवसायाबद्दलचा. त्यामुळे 'नैतिकतेवरचं प्रदर्शन' म्हटलं की वाचकाच्या मनात आधी स्त्री-पुरुषांच्या वागण्यावरची पहारेदारी येते. जात, दंगल, भूक नंतर येतात, किंवा येतच नाहीत.

'नीती' या शब्दाची वाट निराळी आहे. जोतीराव फुल्यांची विद्या, मती, नीती, गती, वित्त ही साखळी प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेली आहे. त्यात नीती मधोमध आहे. विद्या नाकारली म्हणून ती गेली आणि ती गेली म्हणून पुढचं सगळं गेलं. म्हणजे नीती ही एकट्या माणसाच्या चारित्र्याची बाब राहत नाही, ती कुणीतरी कुणाकडून हिरावून घेतलेली गोष्ट ठरते. डॉ. आंबेडकरांनीही धम्माचा गाभा नीती मानला. अन्यायाबद्दल बोलणाऱ्या प्रदर्शनाला हा शब्द शोभतो.

तिसरा प्रतिसाद

एक हरकत. 'संवैधानिक नैतिकता' हा शब्दप्रयोग आज सर्रास होतो, आणि त्याचं मूळ बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतल्या भाषणात शोधलं जातं. मग 'नैतिकता' इतका आक्रसलेला कसा म्हणता?

आणि 'सामाजिक अन्याय'बद्दल कुणीच बोललं नाही. 'अन्याय झाला' हे वाक्य मराठीत फार सहज होतं. पाऊस झाला तसा अन्याय झाला, करणारा कुठेच नाही. कायद्याने १९८९ साली 'अत्याचार' हा शब्द धरला, लोक आजही 'ॲट्रॉसिटी' म्हणतात, कारण त्या शब्दाबरोबर आरोपीही येतो.

पहिल्या प्रतिसादकर्तीचं उत्तर

'संवैधानिक नैतिकता' तसाच राहू द्या. तिथे विशेषणाने अर्थ बांधून घेतला आहे. एकटा 'नैतिकता' शब्द वाचकासमोर ठेवला की तो पुन्हा घरातल्या बायकांवर नजर ठेवायला जातो, म्हणून परिचयपत्रकात मी तो एकटा वापरणार नाही.

अन्यायाच्या कर्त्याबद्दलचं म्हणणं फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या कलावती बेटी सार यांची १९७२ ची एक लहानशी पेटी आठवते. गोऱ्या घरांत राबणाऱ्या काळ्या मोलकरणीची हसरी बाहुली, त्या काळी बाजारात सहज मिळणारी, त्यांनी घेतली. बाहुलीच्या एका हातात खराटा होताच, दुसऱ्या हातात त्यांनी बंदूक दिली. मागे आंट जेमायमा या नाश्त्याच्या पिठाच्या ब्रँडवरचा तोच हसरा चेहरा रांगेने चिकटवला. अन्याय कुणी केला हे वेगळं लिहावं लागत नाही, बाहुली बनवणारा आणि विकणारा बाजार त्या पेटीतच हजर आहे. त्या कंपनीने ते नाव २०२१ मध्ये बदललं.

इथे 'मांडणारी' थोडं सौम्य पडतं. मराठीत 'जाब विचारणे' आहे. जाब कुणालातरी विचारावा लागतो, त्यामुळे करणारा वाक्यात आपोआप येतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाक्य असं करते आहे : 'फुटकी मडकी, पत्रा, शेण, जुने कपडे आणि छायाचित्रं यांतून नीतीचा प्रश्न मांडणारी आणि जातीच्या अन्यायाचा जाब विचारणारी चित्रं व मांडणशिल्पं.' 'सामाजिक' मुद्दाम काढला, या प्रदर्शनातला अन्याय जातीचाच आहे. लांबी वाढली, पण आयोजकांशी त्यासाठी भांडेन. जिनसांची नावं प्रत्येक कलाकाराला विचारून पाटीवर लिहीन, अंदाजाने नाही. एकाने माझ्यासमोर 'जुने कपडे' दुरुस्त करून 'सफाई कामगाराचा गणवेश' सांगितलं आहे, ते वरच्या वाक्यातही बदलते.