थाई बेसिल बियांपासून: सोसायटीच्या गच्ची-बाग ग्रुपवरची चर्चा

वहिनी, ए-१०३: रथसप्तमी झाली, थंडीही उतरली. थाई बेसिलच्या बियांचं पाकीट आणून ठेवलंय. तुळशीसारखंच करायचं का सगळं? माती, कुंडी, पाणी, कापणी, एकदा नीट सांगा ओ कुणीतरी.

काका, बी-३०१: वेळ बरोबर धरलीत. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या वर राहायला लागलं की पेरायला हरकत नाही. आत्ता पेरलं तर शिमग्याच्या सुमाराला रोपं कुंडीत जातात आणि पाडव्यानंतर पहिली तोड मिळते. मृगाचा पाऊस लागेपर्यंत दोन महिने पाल्याला तोटा नाही. ही वेळ चुकली तर पुढची पेरणी सप्टेंबर अखेरीला. जून-जुलैत पेरू नका. आपल्या बेळगावकडची झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, माती सुकत नाही आणि कोवळं रोप बुडातच कुजतं.

काका, बी-३०१: आणि तुळशीसारखं करायचं नाही. तुळस मंजिऱ्या येऊ देऊन वर्षभर उभी ठेवली तरी चालते. हे रोप कापत राहिलं तरच पाला देतं. कापलं नाही की उंच जातं, फुलतं, पानं बारीक होतात आणि खोड लाकडासारखं होतं. बहुतेक घरांत ते कापायची भीती वाटल्यानेच वाया जातं.

दादा, ए-२०१: किराणा दुकानात सब्जा मिळतो, तोच पेरला तर? जात एकच ना?

काका, बी-३०१: जात एकच, वाण वेगळा. सब्जा उगवेल, पण त्याला थाई बेसिलचा वास येणार नाही. थाई बेसिलचा वास बडीशेपेच्या अंगाने जाणारा. तो वास देणारं द्रव्य म्हणजे एस्ट्रागोल. आपल्या तुळशीत युजेनॉल असतं, म्हणून तिचा वास लवंगेकडे झुकतो. ओळख पटवायची असेल तर: थाई बेसिलचं पान गुळगुळीत, चकचकीत, टोकाला निमुळतं, खोड आणि फुलांचे देठ जांभळे. कृष्ण तुळसही जांभळी दिसते, पण तिच्या देठावर लव असते. पान चुरडून हुंगलं की शंका राहत नाही.

वहिनी, ए-१०३: बी रात्रभर भिजत घालू का?

अण्णा, बी-१०४: अजिबात नको. पाणी लागलं की या बियांवर चिकट गर चढतो, सब्जा फुगतो तसाच. भिजवलं की सगळ्या बिया एकमेकींना चिकटून गोळा होतो आणि पेरताना सुट्या होत नाहीत. कोरडंच पेरायचं.

पेरणीचं मिश्रण: दोन वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी चाळलेलं गांडूळखत. कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं तांबूस पाणी पिळून टाका, अजून एकदा धुवा, त्यात क्षार असतात. बागेतली माती या टप्प्यावर घालू नका, रोपं कोलमडण्याची बुरशी तिच्यातूनच येते.

ट्रे नसला तर दह्याचे प्लास्टिकचे डबे घ्या, तळाला चार-पाच भोकं. मिश्रण आधी ओलं करा, मुठीत दाबलं तर दोन-चार थेंब पडावेत, धार नको. एका डब्यात सहा-सात बिया, बोटभर अंतराने. वर कोकोपीट फक्त भुरभुरायचं, दोन-तीन मिलीमीटर. बी खोल गेलं की वर येत नाही. आणि अख्खं पाकीट ओतू नका, एका ग्रॅममध्ये सहाशेच्या वर बिया भरतात. एका घराला चार झाडं पुरतात.

वहिनी, ए-१०३: पाणी झारीने की कसं?

अण्णा, बी-१०४: झारी नको, बी वाहून एका कोपऱ्यात जातं. फवाऱ्याने. पेरल्यावर थोड्या वेळात बी निळसर-करडं दिसायला लागेल. तो गर आहे, बुरशी समजून पुसू नका. उगवेपर्यंत वर प्लास्टिक किंवा काच ठेवली तर ओल टिकते. पाच ते दहा दिवसांत उगवतं. पहिला कोंब दिसला त्याच दिवशी झाकण काढायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं.

ताई, ए-४०२: झाकणाबद्दल अण्णा बोलले ते लक्षात ठेवा. झाकण राहिलं, गर्दी झाली, रोज वरून पाणी घातलं, की तीन-चार दिवसांत रोपं आडवी होतात. जवळून बघितलं तर मातीलगत खोड सुतासारखं बारीक आणि तपकिरी झालेलं दिसतं, वरची पानं मात्र अजून हिरवीगार. आडवं झालेलं रोप परत उठत नाही, त्याच्यावर औषध शोधत बसू नका. ते काढून टाका, शेजारची विरळ करा आणि उरलेल्यांना खालून पाणी द्या: ताटलीत बोटभर पाणी, डबा त्यात पंधरा मिनिटं, मग ताटली रिकामी. वारा खेळता हवा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायची असेल तर पेरायच्या आधी मिश्रणात, पाकिटावरच्या प्रमाणात. आजार दिसल्यावर घालून फारसा उपयोग नाही.

दादा, ए-२०१: आमच्याकडची रोपं नुसतीच लांबतात, दोऱ्यासारखी. खत कमी पडतंय का?

अण्णा, बी-१०४: ऊन कमी पडतंय. खिडकीच्या आत ठेवली की असंच होतं. उगवल्यापासून सकाळचं कोवळं ऊन द्या, आठवडाभरात वाढवत न्या. लांबलेली रोपं फेकू नका, कुंडीत लावताना खोड पहिल्या दोन गोल पानांपर्यंत मातीत गाडा. बेसिलला ते चालतं, गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात.

अण्णा, बी-१०४: आता कुंडी. गोल पानं मोजायची नाहीत. त्यानंतरच्या खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की रोप हलवा, म्हणजे पेरल्यापासून तीन ते चार आठवड्यांनी. आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप. मोठी आयताकृती कुंडी असेल तर दोन रोपांत वीतभर अंतर.

माती: तांबडी माती दोन भाग, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. निचऱ्यासाठी मूठ-दोन मूठ भाताचं तूस घाला, खानापूरकडच्या गिरणीत पोत्याने मिळतं. काळी माती नको, पाणी धरते आणि उन्हात भेगा पडून मुळं तुटतात. शेणखत हाताला गरम लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. साखर कारखान्याची ताजी प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, तर मुळीच नको, कुजताना तापते. पूर्ण कुजलेली असेल तर चालेल.

रोप संध्याकाळी हलवा, दोन दिवस सावलीत ठेवा, मग पाच-सहा तासांचं ऊन. एप्रिल-मेत गच्चीवर दुपारी एक ते चार हिरवी जाळी लागते. वर उसाच्या पाचटाचा पातळ थर टाका, पण खोडाला टेकू देऊ नका.

वहिनी, ए-१०३: पाणी रोज ना?

काका, बी-३०१: तुळशीला रोज तांब्याभर घालायची सवय इथे नडते. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर भरपूर घाला, खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत. ओलं लागलं तर त्या दिवशी नाही. मेमध्ये रोज लागेल, आत्ता दिवसाआड पुरतं. नळाचं पाणी, राकसकोप धरणाचं असो की हिडकल धरणाचं, चालतं. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढत असतील तर पंधरवड्यातून एकदा नळाचं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढा.

खत जपून. महिन्याला एक मूठ गांडूळखत बस. युरियाचं पाणी घातलं की पानं मोठी होतात आणि वास पातळ पडतो. वासासाठीच तर हे लावायचं.

अक्का, सी-२०२: कापणीचं मी सांगते. काकांनी म्हटलं तसं सगळं इथेच आहे.

रोप वीतभर झालं, पानांच्या चार जोड्या दिसल्या की पहिली खूण. खालून दोन जोड्या मोजा. दुसऱ्या जोडीच्या वर अर्धा सेंटीमीटर सोडून कात्रीने शेंडा कापा. त्या जोडीच्या बगलेत बघा, दोन्ही बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवे डोळे बसलेले असतात. शेंडा गेला की तेच दोन डोळे वाढतात. आठ-दहा दिवसांत एका खोडाची दोन खोडं होतात. त्या दोघांवर तीन-तीन जोड्या आल्या की परत तसंच. दोनाच्या चार, चाराच्या आठ. तिसऱ्या कापणीनंतर झाड गोल, भरगच्च होतं.

वहिनी, ए-१०३: मी तर खालची मोठी पानं खुडणार होते, वरचा शेंडा वाढू दे म्हणून.

अक्का, सी-२०२: नेमकं उलटं होतं मग. खालची मोठी पानं झाडाचं जेवण करतात. ती काढली की खाली नुसती काडी आणि वर झुपका राहतो. काप नेहमी वरून, देठासकट. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याच्यापेक्षा जास्त नाही. डोळ्याला चिकटून कापू नका, तो वाळतो. उंच खुंटही सोडू नका, तो काळा पडून खाली कुजत येतो. सकाळी, दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत कापा, तेव्हा वास भरलेला असतो. गरज नसली तरी दहा-बारा दिवसांनी कापाच.

दादा, ए-२०१: मंजिरी आली तर?

अक्का, सी-२०२: जांभळा तुरा दिसायला लागला की त्याच्याखालच्या पानांच्या एका जोडीसकट कापा. नुसता तुरा चिमटून काढला तर चार दिवसांत दुसरा येतो. कोवळा तुरा टाकू नका, रश्श्यात घाला, तोही खातात.

ताई, ए-४०२: कीड-रोगाचं थोडक्यात. उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि खाली जाळं म्हणजे लाल कोळी. मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यावर. तिन्हींसाठी आधी पाण्याची जोराची धार पानांच्या खालून, सलग तीन सकाळी. त्याने भागलं नाही तरच नीम तेल, लिटरला पाच मिली, दोन-तीन थेंब साबण, संध्याकाळी. आणि नीम मारायच्या आधी लागणारा पाला कापून घ्या, नंतर आठवडाभर पानं कडू लागतात.

तुळशीवर एक बारीक ढेकूण येतो, जाळीदार पंखांचा. पानं वळतात, करडी पडतात, खाली डांबरासारखे काळे ठिपके दिसतात. तो तुळशीवरून बेसिलवर सहज येतो. म्हणून तुळशी वृंदावनाला चिकटून ही कुंडी ठेवू नका.

पावसाळ्यातला खरा शत्रू केवडा, म्हणजे पानांवरचा एक बुरशीचा रोग. पान शिरांच्या मधे पिवळं पडतं. लोक लोह कमी म्हणून औषध घालत बसतात. पान उलटून बघा: खाली करडी-जांभळट पावडर असेल तर केवडाच. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग, ती पांढरी असते आणि वरच्या बाजूलाही येते. केवड्याची पानं लगेच काढून कचऱ्यात टाका, खतात नको. इटालियन बेसिलपेक्षा थाई बेसिल जरा तग धरतं, पण पान रात्रभर ओलं राहिलं तर तेही सुटत नाही. पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही.

काका, बी-३०१: म्हणूनच मे अखेरीला, वळीव सुरू असतानाच, फांद्या करून ठेवा. बोटभर लांब, फूल न आलेली फांदी, खालची पानं काढून पेल्यात पाण्यात. पाणी दिवसाआड बदला. आठ ते पंधरा दिवसांत मुळं येतात. ती लहान कुंडीत लावून छपराखाली, उजेडाच्या गॅलरीत ठेवली की पावसाळा निघतो. जुनी झाडं गेली तरी परत बियांपासून सुरुवात करायला नको.

वहिनी, ए-१०३: कापलेला पाला फ्रिजमध्ये ठेवू ना?

अक्का, सी-२०२: फ्रिजमध्ये काळा पडतो, दहा अंशांच्या खाली या पानाला सोसत नाही. कोथिंबिरीची सवय इथे चालत नाही. देठ पाण्यात घालून ओट्यावर ठेवा, उन्हापासून लांब, आठवडाभर टिकतो. जास्त झाला तर तेलात वाटून बर्फाच्या साच्यात गोठवा. वाळवू नका, वास निघून जातो.

स्वयंपाकात गॅस बंद केल्यावरच घालायचा. नारळाच्या दुधातल्या हिरव्या करीत चौघांना एक मोठी मूठ. थाई लोक लसूण-मिरचीत मांस परतून जो प्रकार करतात त्यात मुळात तुळशीच्या जातीचा पाला असतो, हा नाही. तिथे हा घातला तर चव वेगळी येणार, एवढं धरून चाला.

दादा, ए-२०१: बी घरचं धरता येईल?

काका, बी-३०१: येईल की. एकच झाड न कापता फुलू द्या. मंजिरीचा खालचा दोन तृतीयांश भाग तपकिरी झाला की कापून कागदी पिशवीत उलटी टांगा. एका बोंडात चार बिया असतात. तळहातावर चोळा, फुंकून भुसा उडवा. कोरड्या बाटलीत चार वर्षं चांगलं उगवतं. फक्त शेजारी सब्जा किंवा इटालियन बेसिल फुललेलं नको, मधमाशीने संकर होतो आणि पुढच्या पिढीत वास बिघडतो. तुळशीची तशी भीती नाही, ती जात वेगळी.

अण्णा, बी-१०४: गच्चीवर ठेवणाऱ्यांनी कुंडीखाली ताटली आणि विटेचे दोन तुकडे ठेवा. पाण्याचे तांबडे ओघळ खालच्या मजल्याच्या भिंतीवर येतात. डब्यांना तारीख आणि वाणाचं नाव मार्करने लिहा, रोपं लहान असताना तुळस, सब्जा आणि हे सारखंच दिसतं.

वहिनी, ए-१०३: उद्या सकाळी चार डबे पेरते. उरलेलं बी कुणाला हवंय ते इथेच सांगा, पुड्या करून वॉचमनकडे ठेवते.