घरी टिपलेला जॅझ पियानो स्टुडिओतल्यापेक्षा जास्त का भावतो?

भाट्येकाठ (रत्नागिरी)

माझं मत आधीच मांडतो. जॅझ पियानो ऐकायचा तर घरी, कुणाला ऐकवायचा बेत नसताना वाजवलेला ऐकावा. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणात वादकाने काय ठरवलं ते कळतं. घरच्या ध्वनिमुद्रणात तो ठरवत असताना आपल्याला सापडतो.

वेंगुर्ल्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी घरातल्या जुन्या उभ्या पियानोवर वाजवलेली एक फाईल पाठवली आहे. मोबाईल पियानोच्या माथ्यावर ठेवलेला. धून संथ, जुन्या वळणाची. डाव्या हाताने ते एक कॉर्ड (एकत्र दाबलेले काही स्वर) वाजवतात, थांबतात, तीच पुन्हा घेतात, पण या वेळी मधला एक स्वर अर्ध्या सुराने उतरवतात आणि धून तिथून वेगळ्याच वाटेला लागते. पेडल सोडलं की तारांवर फेल्ट (लोकरीच्या जाड कापडाची पट्टी) बसल्याचा बारीक आवाज येतो. नख पट्टीला लागलेलं कळतं. मागच्या पडवीत कुणीतरी नारळ सोलतंय. तो मधला स्वर उतरवल्यावर हातांना जी खात्री येते ती मला अजून कुठल्या चकचकीत अल्बममध्ये इतकी स्पष्ट ऐकू आलेली नाही, कारण तिथे आधीचा अडलेला प्रयत्न कापून टाकलेला असतो.

हे हौशी लोकांपुरतं नाही. अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट १९९६ साली क्रॉनिक फटीग सिंड्रोमने (सततच्या थकव्याचा आजार) आजारी पडला, कार्यक्रम बंद झाले. १९९८ मध्ये न्यू जर्सीतल्या स्वतःच्या घरी, अंगात त्राण असेल तेवढाच वेळ बसून त्याने काही जुनी गाणी वाजवून ठेवली. बायकोला नाताळची भेट म्हणून. १९९९ साली ती 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू' या नावाने बाहेर आली. ज्याच्या बोटांत एवढी ताकद होती तो माणूस इथे धून नुसती उलगडत जातो, तिच्यावर चढून काही सिद्ध करत नाही. त्याच्या मोठ्या मैफलींपेक्षा मला हे वादन जवळचं वाटतं. आणि पियानोवादक एरल गार्नरची 'कॉन्सर्ट बाय द सी' ही तबकडी? १९ सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या कार्मेल या समुद्रकाठच्या गावात, शाळेच्या सभागृहात त्याने ती वाजवली. पियानो नीट सुरात नाही, बास आणि ड्रम मागे कुठेतरी, यंत्र साधं. ते घर नव्हे, मान्य. पण जॅझमधल्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांत तिची गणना होते.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जरूर मांडा.

देवगडचा_ध्वनिवाला

माझा पूर्ण विरोध. तुमची दोन्ही नावं बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा.

जॅरेटचं 'घर' म्हणजे ओसरीवर ठेवलेला मोबाईल नव्हे. त्याच्या घरी स्वतःचा स्टुडिओ होता, उत्तम स्टाइनवे पियानो होता, नीट लावलेले माइक होते. तुम्हाला भावला तो जवळिकीचा भाव त्या माइकांमुळेच तुमच्यापर्यंत पोचला. घरच्या ध्वनिमुद्रणाचं सगळ्यात मोठं उदाहरण तर तुम्ही घेतलंच नाही. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. पियानोवादक थेलोनियस मंक, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस त्या खोलीत वाजवून गेले. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला तोपर्यंत हेच चाललं. पण त्या घरात नियंत्रणकक्ष होता, मध्ये काच होती आणि माइकच्या जागेबद्दल तो माणूस कमालीचा काटेकोर होता. घर होतं म्हणून कच्चेपणा चालवून घेतला नाही.

आता तुमच्या मोबाईलबद्दल. तो बोलणं टिपायला बनवलेला आहे. हळू आवाज आपोआप वर उचलतो, मोठा आवाज दाबतो. पियानोचा सगळा जीव हळू आणि जोरात यांच्या अंतरात असतो, तोच तिथे सपाट होतो. तुमच्या वेंगुर्ल्याच्या गृहस्थांनी तो उतरवलेला स्वर किती हलक्या हाताने वाजवला हे तुम्हाला कळलेलंच नाही, कारण फोनने ते पुसून टाकलं. जवळून ऐकल्यासारखं वाटतं ते पुष्कळदा या सपाटीमुळे. मी लग्नाच्या हॉलपासून कीर्तनापर्यंत सगळं टिपतो. वाजवणाऱ्याचा मान राखायचा तर त्याच्या स्पर्शातला फरक ऐकणाऱ्यापर्यंत पोचवला पाहिजे.

मालवणी_गजाली

माका जॅझातला कायएक कळणा नाय. पण आमच्या गावात डबलबारीचा (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचा) मोबाईलार केलेला रेकॉर्डिंग घराघरात ऐकतत. बुवांचो खोकलो पण त्यात असता. स्टुडिओतली सीडी कोणाक नको असता.

भाट्येकाठ (रत्नागिरी)

@ध्वनिवाला, माइक चांगले असावेत याला माझी हरकत नाहीच. माझा मुद्दा खोलीत कोण आहे याचा. जॅरेटच्या त्या खोलीत 'अजून एक घेऊ' म्हणणारं कुणी नव्हतं. मैफलीत किंवा पैसे मोजलेल्या स्टुडिओत माणूस छाप पाडायला वाजवतो, तो त्याचा दोष नाही, पण बोटांत तो ताण उतरतो.

सावंतवाडीची_बाई

मी पियानो शिकवते, म्हणून वेगळ्या बाजूने विरोध करते. 'घरगुती' आवाजाची आता फॅशन झाली आहे. जर्मनीतल्या नील्स फ्रामने शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तारांवर फेल्ट टाकून, माइक अगदी आत नेऊन वाजवलं. त्या वादनाचा २०११ चा अल्बम 'फेल्ट' नावानेच आला. (तो जॅझवाला नव्हे, पण तुम्ही म्हणता ते सगळे आवाज त्यात आहेत.) तिथे कारण खरं होतं. आज तोच आवाज तयार नमुन्यांच्या रूपात विकत मिळतो. फेल्टचा फुस्कारा, खुर्चीची करकर, सगळं बटण फिरवून कमी-जास्त करता येतं. लो-फायवाले (मुद्दाम कच्चा, जुनाट आवाज ठेवणारे) तबकडीची खरखर वरून ओततात. म्हणजे जे ऐकून तुम्हाला 'हा एकटाच वाजवतोय' असं वाटतं, ते आता पुरावा म्हणून चालत नाही.

आणि विद्यार्थ्यांवर याचा वाईट परिणाम होतो, हे मला मनापासून खुपतं. डावा हात कच्चा राहिला की मुलं म्हणतात, 'असंच छान वाटतं, नैसर्गिक आहे.' वेंगुर्ल्याचे गृहस्थ थांबले आणि स्वर बदलला, ते चांगलंच. पण त्यांना तो बदल सुचला तो वर्षानुवर्षं हात बसवल्यामुळे. मंक 'चुकीचे' स्वर वाजवतो असं लोक म्हणत, त्याच्याइतका नेमका हात कुणाचा होता? कच्चं वाजवणं आणि कच्चं टिपणं या दोन गोष्टींची धाग्यात सरमिसळ होते आहे.

पेटीवाले_कुडाळ

बाईंचा शेवटचा मुद्दा पटला. तरी माझं मत भाट्येकाठांच्या बाजूने.

पेटीला मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) नाही. १९४० ते १९७१ आकाशवाणीने पेटीला बंदी घातली होती, त्यात हीही तक्रार होती. पियानोची अडचण तीच. ब्लूजमधला (जॅझ ज्यातून वाढला त्या अमेरिकन गाण्यातला) गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि पियानोवर मध्ये पट्टीच नाही. म्हणून वादक दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकत्र दाबतात, किंवा कोमलवरून बोट घसरवून शुद्धवर आणतात. जो स्वर वाद्यात नाही त्याचा भास निर्माण करायचा. भजनाला साथ करताना आम्हीही कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागलेला शेजारचा स्वर) घेऊन हेच करतो. हे जवळून ऐकलं तरच समजतं. मोठ्या सभागृहातल्या घुमाऱ्यात दोन पट्ट्यांमधली ती घासाघीस विरून जाते, आणि मग तो नुसता गोड स्वर राहतो. पियानोच्या पोटाशी कान लावल्यासारखं ध्वनिमुद्रण असेल तर बोट कुठून निघालं आणि कुठे पोचलं ते कळतं.

आपल्याकडच्या खाजगी मैफलींच्या टेपा लोक जिवापाड जपतात, त्याचंही कारण हेच. जुन्या तबकडीत जेमतेम ३ मिनिटं मिळायची. बुवा खरे कसे गात ते कुणाच्या तरी माजघरात चालू ठेवलेल्या स्पूलच्या टेपवर सापडतं.

देवगडचा_ध्वनिवाला

पेटीवाले, जवळून टिपणं हे तंत्र आहे, तुम्ही माझीच बाजू मांडलीत.

अशा टेपा मीही जपतो. १९४०-४१ मध्ये जेरी न्यूमन नावाचा विद्यार्थी डिस्कवर आवाज कोरणारं यंत्र उचलून न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या क्लबांत जायचा. रात्री उशिरा मित्रांसाठी वाजवणारा पियानोवादक आर्ट टेटम त्यामुळे आपल्याला मिळाला. ते अनमोल आहे, पण खरखरीमुळे नव्हे. न्यूमनला त्याहून चांगलं यंत्र मिळालं असतं तर त्याने तेच वापरलं असतं.

आणखी एक गोष्ट, कारण आपण कोकणात राहतो. इथल्या पावसाळ्यात पियानोचा लाकडी फळा दमट हवेने फुगतो, तारा ताणल्या जातात. मधले सूर जास्त चढतात, टोकाचे कमी, म्हणून वाद्य स्वतःशीच बेसूर होतं. खाऱ्या हवेने तारा गंजतात, फेल्टला कसर लागते. सूर लावणारा माणूस मुंबईहून किंवा गोव्याहून बोलवावा लागतो, आणि तो खर्च टाळला की लोक त्या बेसूरपणाला 'जुन्या घराची ऊब' म्हणू लागतात. वाद्याची ही आबाळ मला बघवत नाही.

भाट्येकाठ (रत्नागिरी)

आबाळीचं समर्थन मी करणार नाही. वेंगुर्ल्याचा पियानो दिवाळीनंतर दरवर्षी लावून घेतला जातो, आणि आत कापूर असतो. पण खरखर काढा म्हटल्यावर माणसं कुठे थांबतात? आधी पंखा काढतात, मग नखाचा आवाज, मग ती अडलेली कॉर्ड. तुम्ही स्वतः ती कॉर्ड ठेवली असती का, सांगा.

देवगडचा_ध्वनिवाला

कॉर्ड ठेवली असती. पंखा बंद करायला सांगितलं असतं.

गृहस्थांची परवानगी मिळवा, मी माझे दोन माइक घेऊन वेंगुर्ल्याला येतो. एक माइक तारांजवळ, एक खोलीत, आणि तुमचा मोबाईल त्याच्या नेहमीच्या जागी. एकाच वादनाची दोन ध्वनिमुद्रणं इथे टाकू. आवाजाची पातळी सारखी ठेवीन, कारण मोठं वाजलं की लोकांना तेच बरं वाटतं.

सावंतवाडीची_बाई

कुठलं कुणाचं ते न सांगता टाका. आणि तो माणूस खोलीत एकटा हवा असेल, तर माइक लावून झाल्यावर तुम्ही दोघंही बाहेर अंगणात थांबा.