कुलूप-किल्ली आता पुरे!

मीठभाकर: काल इथे एका सरांनी लिहिलं, "प्रथिन म्हणजे कुलूप, लिगंड, म्हणजे त्याला येऊन चिकटणारा रेणू, ही किल्ली. बसली की काम सुरू. बाकी सगळं पाल्हाळ." वाचून डोकं फिरलं. किल्ली घातली म्हणून शेजारच्या दाराचं कुलूप सैल होतं का हो? हिमोग्लोबिनमध्ये नेमकं तेच होतं. त्याच्या चार साखळ्या, प्रत्येकीत ऑक्सिजन बसायची एक जागा, ती म्हणजे हीम. ऑक्सिजन बसला की हीममधलं लोह जेमतेम ०.४ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) सरकतं, सोबत साखळीतल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला ओढतं, आणि तो हिसका बाकीच्या साखळ्यांपर्यंत पोचतो. पुढच्या ऑक्सिजनला बसणं सोपं जातं. मॅक्स पेरुट्झ या शास्त्रज्ञाने हे १९७० मध्येच दाखवलं. इथे काय बसलंय ते तिथल्या जागेला कळतं, सगळं नियंत्रण त्यातच आहे.

निवृत्त_मास्तर: ते "एक सर" म्हणजे मीच. ताई, साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकाला हिमोग्लोबिनच्या टी (ताठर) आणि आर (सैल) अवस्था शिकवून दाखवा, पेढे माझ्याकडून. एमिल फिशर या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये ही उपमा दिली ती एन्झाइमला नेमकी कुठली साखर चालते हे सांगायला. तेवढ्यापुरती ती आजही चोख आहे.

मीठभाकर: तेवढ्यापुरती! तुम्हीच बोललात. आणि १९५८ मध्ये कोशलंड हा शास्त्रज्ञ आला, लिगंड बसताना प्रथिन आकार बदलतं म्हणाला, त्याला वर्गात का नाही घेतलं? हातमोजा म्हणा. हात घातल्यावरच त्याला आकार येतो. शेवटच्या बाकालाही हात असतात.

खुसपट: लिगंडला मराठी शब्द काय? "चिकट्या" चालेल? हलके घ्या.

रक्तपेढीवाली: डीपीजीला, म्हणजे लाल पेशींमधल्या त्या छोट्या रेणूला, विसरलात सगळे. ते हीमच्या जवळपासही बसत नाही, चार साखळ्यांच्या मधल्या पोकळीत बसतं आणि तिथून ऑक्सिजन सोडायला लावतं. पिशवीतल्या रक्तात ते दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतं, मग तेच हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं.
अवांतर: माझा आतेभाऊ. बाथरूममध्ये गॅस गिझर, थंडी म्हणून खिडकी बंद. नळ वाहतोय, आतून हाक नाही. दार फोडलं. दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८! "घाबरलाय, घरी न्या," म्हणाले. त्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही ऑक्सिजनवालंच वाटतं. आत्याने हट्ट धरला म्हणून रक्त तपासलं, म्हणून वाचला.

पुणेरी_पाटी: आमच्याकडे १२ वर्षं गॅस गिझर आहे, काही झालं नाही. उगाच घाबरवू नका.

रक्तपेढीवाली: बारा वर्षं हेल्मेटशिवाय फिरणारेही असंच म्हणतात.

पुणेरी_पाटी: भाषा सांभाळा. विजेचं बिल तुम्ही भरणार का?

खुसपट: गिझर बाल्कनीत, पाइप आत. भांडण मिटलं.

पुणेरी_पाटी: वन आरकेला बाल्कनी कुठून आणू?

निवृत्त_मास्तर: गिझरवाल्यांनो, जरा थांबा. रक्तपेढीवाली ताई, मोनॉक्साइड म्हणजे कुलपात मोडून अडकलेली किल्लीच की. माझी उपमा चालली!

रक्तपेढीवाली: नाही चालली, सर. ते ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतं, इथवर ठीक. पण चारांतल्या दोन जागा त्याने अडवल्या की उरलेल्या दोन जागा आपला ऑक्सिजन सोडेनाशा होतात. म्हणून निम्मंच हिमोग्लोबिन उरलेल्या ॲनिमियाच्या पेशंटपेक्षा याची गत वाईट. अडकलेल्या किल्लीने शेजारचं दार बंद होत नाही.

निवृत्त_मास्तर: बरं बाई. हातमोजा तर हातमोजा. पेढे मात्र मिळणार नाहीत, ते शेवटच्या बाकाचं ठरलं होतं. आत्ताच उठून बाथरूमची जाळी बघून आलो. सौ.ने तिथे पुठ्ठा लावलाय, डास येतात म्हणून.

पुणेरी_पाटी: आमच्याकडेही पुठ्ठाच आहे.