वचने वाचूनही आशा का वाटत नाही?

प्रश्न

माझा धाकटा भाऊ जाऊन आठ महिने झाले. या काळात अनेकांनी प्रेमाने पवित्र शास्त्रातील वचने पाठवली. त्यांत यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील २९:११ हे वचन इतक्या वेळा आले, की देवाच्या मनातील हिताच्या संकल्पांचा उल्लेख दिसताच मी आता पान उलटते. वाचन सोडलेले नाही. परंतु सांत्वन मिळण्याऐवजी माझाच विश्वास उणा पडत असल्यासारखे वाटते. अशा दिवसांत आपण शास्त्र कोठून आणि कसे वाचले, हे कृपया सांगावे.

उत्तर १

आपला विश्वास उणा आहे असे मला वाटत नाही. ते वचन त्याच्या संदर्भातून उचलून आपल्यापुढे ठेवले गेले, एवढेच. यिर्मयाचा २९वा अध्याय म्हणजे यरुशलेमेहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना पाठवलेले पत्र आहे. लवकरच सुटका होईल असे सांगणारे संदेष्टे तेव्हा होतेच, आणि यिर्मया त्यांनाच खोडून काढत लिहितो, की तेथेच घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, कारण परतायला ७० वर्षे लागतील. ही सत्तर वर्षे दहाव्या वचनात आहेत आणि लगेच त्यापुढे अकरावे येते. पत्र ऐकणाऱ्या कित्येकांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता, तरी ते त्यांनाही उद्देशून होते. भेटकार्डांवर मात्र दहावे वचन कोणी छापत नाही.

उत्तर २

मी स्वतः विलापाच्या स्तोत्रांपासून आरंभ केला. पवित्र शास्त्रातील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्तोत्रे विलापाचीच आहेत. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांतच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाकडे वळतात, ८८वे वळत नाही; ते अंधारातच संपते. पत्नीच्या निधनानंतर कित्येक महिने मी तेवढेच वाचत असे, कारण त्यापुढचे काही खरे वाटत नव्हते. तरीही ते स्तोत्र आरंभी देवाला आपला तारणारा म्हणूनच हाक मारते, म्हणजे तक्रार आहे ती त्याच्याजवळच, त्याच्याकडे पाठ फिरवून केलेली नव्हे. वधस्तंभावर प्रभू येशूच्या मुखी आले तेही २२व्या स्तोत्रातले, ‘मला का सोडलेस’ असे विचारणारे वचन.

यरुशलेमेच्या विनाशावर शोक करणारा विलापगीत हा ग्रंथही अवश्य वाचावा. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वाक्य पाच अध्यायांपैकी तिसऱ्यात, अगदी मध्यावर येते. त्यानंतर पुन्हा आक्रोश सुरू होतो आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, या शंकेपाशी ग्रंथ थांबतो. पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. उद्ध्वस्त नगरात बसून कोणीतरी रडण्यालाही अक्षरांची चौकट दिली, याचे मला आजही नवल वाटते.

उत्तर ३

थोडा मतभेद नोंदवतो. केवळ विलापातच राहू नये. रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा, असा क्रम दिला आहे. अर्थात त्यात आशा सर्वांत शेवटी येते, तेव्हा आठ महिन्यांत ती दिसलीच पाहिजे असा आग्रह कोणी धरू नये. मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते.

प्रश्नकर्ती

सर्वांची आभारी आहे. ८८वे स्तोत्र काल रात्री दोनदा वाचले. हे मला आजवर कोणीही पाठवले नव्हते. यिर्मयाचे पत्र मात्र अजून उघडलेले नाही.