मदत हवी आहे : नांदेडला विद्यार्थ्यांची प्रार्थनासंगती सुरू करायची आहे

सर्वांना जय ख्रिस्त. नुकताच संभाजीनगरला विद्यापीठातल्या मुलांच्या संगतीला जाऊन आलो. बीड-परभणीकडची पोरं सतरंजीवर बसून ढोलकी-टाळावर भजनं गातात, आळीपाळीनं बायबलमधलं वचन वाचून त्यावर बोलतात. पाळक मागं बसून ऐकतात. एकीनं मेसचे पैसे थकल्याचं सांगून प्रार्थना मागितली, तेही सगळ्यांसमोर. इतका मोकळेपणा मी चर्चमध्येही क्वचित पाहिलाय.

माझी धाकटी बहीण नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात आहे. विद्यापीठ विष्णुपुरीला, चर्च शहरात. संध्याकाळी मुलींना ये-जा अवघड. यूईएसआय (युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया) ही ख्रिस्ती संस्था १९५४ पासून देशभर विद्यार्थ्यांत काम करते, त्यांचं नांदेडमध्ये कुणी आहे का? विष्णुपुरीजवळचं एखादं कुटुंब शनिवारी घरी बसू देईल का? कृपया कळवा.